कोपऱ्यातलं पान

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही दोघांनी, मी आणि बायकोनं, अंगणात पडदा घडी केला. दहा हात लांब, पाच हात रुंद कापड. एकट्या माणसाला ते घडी होत नाही. तिनं दोन कोपरे धरायचे, मी दोन, मागं सरून ताणायचं, एक झटका द्यायचा, मग ती चालत माझ्याजवळ यायची, तिचे कोपरे माझ्या हातात द्यायची आणि वाकून मधली दुमड उचलायची. प्रत्येक लग्नाचं शूटिंग झालं की हे असंच. त्यात बोलण्यासारखं काही नसायचं.

त्या दिवशी तिच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात सुरकुती पडली होती. तिनं तो कोपरा मांडीवर घेतला, तळहातानं दाबून बघितला.

"घडी मोडंना बगा हिची."

"पाणी मार, मोडंल," मी म्हणालो.

मग तिनं केसातला आकडा काढला आणि त्या दिवशीच्या लग्नाच्या कॅसेटची दाढ मोडली. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचा एक दात असतो. तो मोडला की भरलेल्यावर दुसरं काही भरता येत नाही. काम झालं की दाढ काढायची, हे काम तिचं. "घ्या, झालं," म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

ती सुरकुती माझ्यामुळं पडली होती. दिवसभर तो कोपरा मी मागं मुडपून टाचण्या मारून ठेवला होता, आणि त्या कोपऱ्यात तिनं शिवलेलं पान होतं. मला तिला सांगायचं होतं की माझं चुकलं. जेवताना सांगू म्हणालो. जेवताना वाटलं, सकाळी सांगू. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला झोपेतच गेली, काही त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो ते नातीमुळं. नात मोबाइलवर व्हिडिओ करते, आजीच्या पद्धतीची अंबाडीची भाजी, भाकरी, असलं काय काय. परवा माझ्याजवळ बसून कसल्याशा फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकत होती. फिक्कं, पाण्यात लिहिल्यासारखं. कामून म्हणून विचारलं तर म्हणाली, "आबा, कुणी चोरून आपलं म्हणून लावू नये म्हणून." मी म्हणालो, आमच्याकडं पण होतं तसलं. कापडाचं होतं. तिला खरं वाटेना. म्हणून सगळं सांगतो.

माझा धंदा कर्ण्याचा. लग्न, बारसं, जयंती, कुठंही कर्णा बांधायचा, गाणी लावायची. मग परभणीच्या एका स्टुडिओवाल्यानं नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. खांद्यावर घ्यायचा, अख्खी कॅसेट पोटात मावणारा, जड. घरी आणला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी उचलून बघितला.

"आगं माय, हे तर सहा महिन्याच्या लेकरावानी हाय. ह्याला पाजणार कोण?"

पण दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याची, आत कापूस भरलेली एक गादी शिवून माझ्या खांद्याच्या मापाची केली. कॅमेरा खांद्याला रुतायचा नाही. मी शूटिंग करायचो, ती काठीला बांधलेला हॅलोजनचा लाईट धरायची. आमच्या भागात बाईनं लाईट धरलेला लोकांनी बघितला नव्हता. पहिल्यांदा पोरं हसली. तिनं लाईटच त्यांच्या तोंडावर मारला. डोळे दिपले तशी पोरं पळाली.

चुका लय केल्या. कॅमेऱ्यात तारीख उमटायची, ती इंग्रजी बटणं दाबून बदलायची होती, मला जमली नाही. त्या सालची सगळी लग्नं एकाच तारखेला लागली. एक नवरदेव घरी आला, म्हणाला, "दादा, कॅसेटवर तर माझं लग्न गेल्या साली लागलंय."

ती चुलीपुढून म्हणाली, "मग पोरगं कुठाय विचारा त्याला."

तो लाजून गेला. चहा पिऊन गेला, पण लाजून गेला.

खरी अडचण वेगळी होती. तालुक्याच्या बाजारात एक दुकानदार होता. दोन व्हीसीआर एकमेकांना वायरनं जोडायचा आणि एका कॅसेटच्या दहा करायचा. आमची कॅसेट लग्नघरात जायची, घरचे पाहुण्यांसाठी कॉप्या काढायला त्याच्याकडं द्यायचे. कॅसेटच्या सुरुवातीला मी माझ्या नावाची पाटी भरायचो. तो तेवढा भाग सोडून पुढून कॉपी काढायचा, वर स्वतःच्या दुकानाचा कागद चिकटवायचा. पाहुण्यांना वाटायचं कॅसेट त्यानंच काढली. पुढच्या लग्नाला त्यालाच बोलावणं. मी उन्हात तळायचो, ती हात दुखेपर्यंत लाईट धरायची, आणि नाव त्याचं.

मी पेंटरकडून काचेच्या तुकड्यावर माझं नाव लिहून घेतलं. पिवळ्या रंगात, झोकदार. ती काच कॅमेऱ्याच्या भिंगापुढं कोपऱ्यात येईल अशी तारेनं बांधली. म्हणालो, आता सोड बघू माझं नाव. घरी टीव्हीवर लावून बघितलं तर अक्षर एक दिसंना. नुसता पिवळा डाग, नवरीच्या डोक्यावर हळद सांडल्यावानी. काच भिंगाच्या एवढ्या जवळ धरली की तिच्यावरचं काही स्पष्ट दिसत नाही, हे मला काय ठाऊक.

ती बघत बसली, बघत बसली, मग म्हणाली, "कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय. परभणीला न्ह्या, काडून घ्या."

तीन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिला काही फरक पडला नाही. कोंबड्यांशी बोलायची आणि मला ऐकू जाईल असं बोलायची.

आता पडद्याचं. आमच्या समाजात लग्नात नवरा-नवरीला पांढरे कपडे. मागं चुन्याची भिंत, पुन्हा पांढरी, त्यावर ऊन. कॅमेरा सगळा उजेड बघायचा आणि माणसांची तोंडं काळी करायचा. एका लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरी ओळखू येईना. तिची आई माझ्यापुढं रडायलाच लागली. "माझी लेक इतकी काळी न्हाई हो." तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आमच्या हिनं तोडगा काढला. म्हणाली, भिंत झाका. तिची दोन जुनी लुगडी, एक शेजारणीचं, माझं एक मळकट धोतर काळ्या रंगात बुडवून, सगळं जोडून तिनं पडदा केला. काळपट तांबडा. नवरा-नवरीच्या मागं बांधायचा. तोंडं उजळली. इतकी उजळली की लोक आधी पडदा बांधलाय का विचारायचे, मग लग्नाची घाई करायचे.

आणि एका लग्नात हिचाच हात थकला. लाईट कलला, पडद्याला टेकला, भप्पदिशी वास आला. मी कॅमेरा तसाच ठेवून चारचौघांत ओरडलो.

"झोपलीस का काय उभ्याउभ्या?"

ती पदरानं भोक विझवत म्हणाली, "तोंड बंद करा, लोक बगायलेत. भोकाचं मी बगते."

घरी येऊन बघितलं तर भोक वर रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं. ती म्हणाली, हे पिंपळाचं पान हाय आयतंच. जयंतीच्या झेंड्यातला निळ्या कापडाचा तुकडा उरला होता. तोच लावला. पांढऱ्या दोऱ्यानं मधली शीर घातली, बाजूच्या शिरा घातल्या, खाली लांब शेपूट काढलं. दोन दुपारी लागल्या तिला. मी म्हणालो, भोक बुजवायला एवढं? म्हणाली, भोक दिसणारच हाय तर चांगलं दिसू द्या.

ते आमचं नाव ठरेल असं दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

गंगाखेडच्या बाजूला एका घरी लग्नाचं शूटिंग मागायला गेलो होतो. ती बरोबर होती. घरचा कारभारी म्हणाला, "आम्ही बाजारातल्या दुकानदाराला सांगितलंय. त्यानं काढलेली कॅसेट बघितली. लय साफ काढतो बाबा. बगा तुमी पण, शिका जरा." आणि टीव्ही लावला. बघतो तर आमचंच काम. मी उठायला लागलो. भांडण करून काय सिद्ध करणार? माझं नाव कुठं होतं त्यात?

ती उंबऱ्याजवळ बसली होती. म्हणाली, "थांबवा की जरा. तिथं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बगा."

कारभारी वाकून बघायला लागला. "पान हाय. मग?"

"त्या पानाखाली भोक हाय. मी जाळलंय आन मीच शिवलंय. शेपटाजवळ टाका चुकलाय, तीन शिरा एकीकडं आन चार एकीकडं. मोजा."

त्यानं टीव्हीला नाक लावून मोजल्या. मग हिनं गाठोडं सोडून पडदा पुढं टाकला. त्यानं पुन्हा कापडावर मोजल्या, आणि असा हसला की घरातल्या बायका बाहेर आल्या. "दुकानदार पान पुसायचं इसरला का?" म्हणे. ती म्हणाली, "पुसून दाखवा म्हणावं." ते काम आम्हाला मिळालं.

तिथून पुढं लोक 'पानाची कॅसेट' म्हणायला लागले. सेलूच्या बाजारात मला लोक नावानं ओळखायचे नाहीत, पानवाले म्हणायचे. एकानं तर विड्याचं पान मागितलं. ती अभिमानानं फुगली होती. तोंडानं कबूल करायची नाही, पण पडदा बांधला की आधी जाऊन तो कोपरा ओढून सरळ करायची. आमच्या जेवढ्या कॅसेटा असतील त्यात सुरुवातीला एक हात दिसतो, बांगड्यांचा, कोपरा ओढणारा. तेवढीच ती त्यात आहे. तिला कॅमेऱ्यापुढं उभी राहा म्हणालो की म्हणायची, बॅटरी जाळू नका.

आता शेवटच्या लग्नाचं.

जिंतूरच्या बाजूचं गाव. मोठी शेती असलेलं घर, थोरल्या मुलीचं लग्न. त्या साली त्या बाजूला दुसरा कॅमेरावाला नव्हता आणि आमचं नाव झालं होतं, म्हणून बोलावलं. घर चांगलं. आल्याबरोबर पाणी, चहा, बसायला सतरंजी. पडदा बांधला, तिनं कोपरा सरळ केला. तेवढ्यात मुलीचा बाप मला बाजूला घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. खांद्यावर हात ठेवून बोलला.

"दादा, राग मानू नका. ते कोपऱ्यातलं निळं पान तेवढं आत घ्या. पाहुणे विचारायलेत."

"ती आमची खूण हाय, मालक."

"मला समजतं हो. पण दिवस कसेत तुमी बगायलेत. लग्नात वाद कामून?"

दिवस कसेत ते मला त्यानं सांगायची गरज नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराची आग पेटली तेव्हा हिनं आणि मी लेकीला मधी घेऊन ज्वारीच्या पिकात पाच रात्री काढल्या होत्या. परत आलो तेव्हा घर उभं होतं, कर्ण्याच्या तारा तेवढ्या कापलेल्या होत्या. त्यानंतर पंधरा वर्षं नाव द्या, देऊ नका, मोर्चे, बंद. ते नाव पुढच्या जानेवारीत मिळालं, विद्यापीठाला. तिनं बघितलं नाही. पण मी त्या मालकाला भिऊन पान मुडपलं असं म्हणालो तर ते खोटं. भीती नव्हती. सवय होती. मोठ्या घरच्या माणसानं खांद्यावर हात ठेवला की माझ्या तोंडातून 'जी' निघतं, अजून निघतं. मी "जी" म्हणालो, जाऊन कोपरा मागं मुडपला आणि टाचण्या मारल्या.

ती लाईट घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, कोपऱ्याकडं बघितलं.

"लावू का लाईट?" एवढंच बोलली.

अख्खं लग्न तिनं असा लाईट धरला की हात तसूभर खाली आला नाही. त्या दिवसाइतका साफ उजेड कधीच पडला नव्हता. एसटीत बसल्यावर गाठोडं मांडीवर घेऊन म्हणाली, "नवरी गोड हाय. नथ जड झालती तिला."

मी म्हणालो, "त्यांचं घर हाय. लग्न त्यांचं हाय."

"मी काय म्हणले का?"

नव्हतीच म्हणाली काही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. गाव येईपर्यंत ती शेजारच्या बाईशी मिरच्यांच्या भावावर बोलत होती. उतरलो, घरी आलो, पडदा घडी केला. ते वर सांगितलंच.

ती गेली त्या दिवशी दुपारी सगळं उरकलं. लेक सेलूहून आली, माणसं आली, वंदना झाली, माती झाली. रात्री लेकीनं मला दोन घास खायला लावले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी ट्रंकेतून पडदा काढला. लिंबापासून विजेच्या खांबापर्यंत कपडे वाळवायची तार होती, तिच्यावर टाकला. लेक चुलीला शेणकूट घ्यायला बाहेर आली होती, ती तशीच थांबली.

"बाबा, आज? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हणायचं ते काल म्हणून झालं."

"मग करायलाव काय?"

"पाणी आण तांब्यात."

तिनं आणलं. मी त्या कोपऱ्यावर पाणी शिंपडलं, तळहातानं दाबलं, ओढलं. सुरकुती काही मोडली नाही. पानाच्या मधल्या शिरेच्या बरोबर आडवी गेली होती. टाचण्यांची भोकं पण होती, चार. लेक मागं उभी राहून बघत होती, मग तिनं न सांगता कोपरा खालून धरला, तिची आई धरायची तसा.

त्या लग्नाची कॅसेट घरातच होती, द्यायची राहिली होती. कॅमेऱ्यात घातली तर भरंना, दाढ मोडलेली. त्या भोकावर चिकटपट्टी लावली. दाढ मोडलेल्या कॅसेटवर पुन्हा भरायचं तर तसंच करावं लागतं. पुढं ढकलत शेवटाला नेली. वरात झाल्यावर थोडी कोरी पट्टी शिल्लक होती. खांद्यावर तिची गादी ठेवली, वर कॅमेरा घेतला.

त्या कॅमेऱ्याच्या आत बघायच्या भोकातून सगळं काळं-पांढरं दिसायचं. निळं दिसलं नाही मला. करडं पान, करड्या पडद्यावर. वारा होता, पान हलत होतं. लेकीचा हात कोपऱ्याला होता. मी बटण दाबलं.

आणि बोललो. आधीच सांगायचं होतं ते. "पान मुडपायला नको होतं गं मी. चूक माझी. तू लाईट चांगला धरला." एवढंच. अजून काही बोललो असेन. लेक रडायला लागली, हात तिनं सोडला नाही.

कॅमेऱ्याला माईक असतो हे मला माहीत होतं. मालकाच्या लेकीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, वरातीच्या मागोमाग, ते पान आणि माझा आवाज गेला. पट्टी संपून कॅमेरा खटकन आपोआप थांबेपर्यंत मी खांद्यावरून उतरवला नाही.

पुसता आलं असतं. मी कॅसेट बाहेर काढली, चिकटपट्टी ओढून टाकली, पायात वहाण घातली आणि जिंतूरची एसटी धरायला निघालो. पडदा तारेवरच राहिला. घडी करायला दुसरं माणूस लागतं.